कृती तीच, थर वेगळा

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

काचेच्या दोन तुकड्यांची ही हकीकत आहे. प्रत्येक तुकडा एक सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद. दोन्हींवर झिंक ऑक्साइडचा अतिशय पातळ थर दिलेला. दोन्ही थर एकाच दिवशी, एकाच यंत्रात, एकाच वेळी बसवलेले. डोळ्यांना दोन्ही तुकडे सारखेच स्वच्छ, पारदर्शक दिसत. पण मीटर लावला की एक तुकडा दाखवी ४० ओहम आणि दुसरा ४००च्या पुढे. माझी एक विद्यार्थिनी हे तुकडे घेऊन माझ्या टेबलासमोर उभी होती आणि मी तिला म्हणत होतो, ‘‘अगं, काच नीट धुतली नसशील. पुन्हा कर.’’ तिने ते सहा वेळा केले. सहाही वेळा तसेच झाले. सातव्या वेळी चूक तिची नसून माझी असल्याचे कळले. ती चूक काय होती, हे सांगण्यासाठी आधी हा थर म्हणजे काय आणि तो काचेवर कसा बसवतात, ते सांगायला हवे.

आपण मोबाइलच्या काचेवर बोट टेकवतो आणि पडद्याला ते कळते. ते कळण्यासाठी काचेवर वीज वाहून नेणारे काहीतरी लागते, आणि ते दिसूनही चालत नाही. आता, काच पारदर्शक असते पण वीज वाहून नेत नाही. तांबे वीज वाहून नेते पण पारदर्शक नसते. हे दोन्ही गुण एकत्र नांदू शकतात, असे जर्मनीच्या कार्ल बेडेकर यांना १९०७ साली दिसले. कॅडमियम धातूचा पातळ थर तापवून त्याचे ऑक्साइड केले, तेव्हा तो थर पारदर्शक झाला आणि तरीही वीज वाहून नेऊ लागला. आज या कामासाठी सर्वांत जास्त वापर होतो तो इंडियम ऑक्साइडचा. त्यात वजनाने साधारण १० टक्के टिन ऑक्साइड मिसळतात. एलसीडी पडदे, स्पर्शाने चालणारे पडदे, काही प्रकारच्या सौर घटांवरचा वरचा थर, अशा अनेक ठिकाणी हे मिश्रण असते. इंडियम दुर्मीळ आणि महाग. म्हणून त्याला पर्याय म्हणून थोडे ॲल्युमिनियम घातलेले झिंक ऑक्साइड वापरून पाहतात. आमचे काम त्यावरच चालले होते.

या थराची जाडी असते साधारण १५० नॅनोमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा सुमारे पाचशेवा भाग. एवढा पातळ थर सगळीकडे सारखा बसवायचा तर तो रंगासारखा ब्रशने लावून भागत नाही. त्यासाठी जी पद्धत वापरतात तिला म्हणतात स्पटरिंग.

तेलात मोहरी तडतडली की चार दाणे कढईबाहेर उडतात. स्पटरिंग या शब्दाचा मूळ अर्थ काहीसा तसाच, तडतडून उडणे. पण इथे उष्णतेने काही उडत नाही, आघाताने उडते. कॅरमचा डाव डोळ्यांसमोर आणा. मध्ये सोंगट्या दाटीने मांडल्या आहेत. स्ट्रायकर जोरात येऊन आदळतो आणि एखादी सोंगटी उसळून बाहेर पडते. आमचा स्ट्रायकर म्हणजे अरगॉन वायूचा आयन. सोंगट्या म्हणजे धातूच्या किंवा ऑक्साइडच्या एका जाड चकतीतले अणू. या चकतीला आम्ही टार्गेट म्हणतो. सगळा खेळ एका निर्वात चेंबरमध्ये चालतो. टार्गेटला काही शे व्होल्टचा ऋण दाब दिला की धन भार असलेले अरगॉनचे आयन त्याच्यावर तुटून पडतात. उडालेले अणू समोरच्या काचेवर जाऊन बसतात आणि थर वाढत जातो.

हा प्रकार प्रथम नोंदवला तो ब्रिटनच्या विल्यम ग्रोव्ह यांनी, १८५२ साली. विरळ वायूतून वीज जाताना इलेक्ट्रोडचा धातू झिजतो आणि आसपास त्याचा थर साचतो, असे त्यांना आढळले. पुढे कितीतरी वर्षे ही एक कटकटच मानली जाई, कारण त्यामुळे विद्युतनळ्यांची काच काळी पडे. १९७०च्या दशकात टार्गेटच्या मागे चुंबक बसवलेली मॅग्नेट्रॉनची रचना पुढे आली आणि या कटकटीचा उद्योग झाला. चुंबकामुळे इलेक्ट्रॉन टार्गेटजवळच घिरट्या घालत राहतात, त्यामुळे कमी दाबातही भरपूर आयन तयार होतात आणि थर लवकर बसतो. मात्र इलेक्ट्रॉन एका ठरावीक वर्तुळातच फिरत असल्याने टार्गेटही त्याच वर्तुळात झिजते. वापरलेल्या टार्गेटवर शर्यतीच्या धावपट्टीसारखी एक गोल खाच पडलेली दिसते. ही खाच लक्षात ठेवा. आपल्या हकिकतीत ती पुन्हा येणार आहे.

यंत्राला मुख्यतः चार गोष्टींचे नियंत्रण असते: वायूचा दाब, काचेचे तापमान, ऑक्सिजनचे प्रमाण आणि विजेची शक्ती. वाटते सोपे. पण यातली एकही गोष्ट एकटी चालत नाही.

आधी दाब घेऊ. काम सुरू असताना चेंबरमधला अरगॉनचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या साधारण दोन लाखाव्या भागाएवढा असतो. या दाबात एखादा अणू कोणाला न धडकता सुमारे एक सेंटिमीटर जातो. काच पाच-सात सेंटिमीटरवर असली तर वाटेत चार-सहा धक्के बसतात. दाब दहापट वाढवला तर हेच धक्के पन्नासाच्या आसपास जातात. टार्गेटवरून उडालेला अणू निघतो तेव्हा तापवून वाफ केलेल्या अणूच्या कितीतरी पट जोरात असतो. वाटेत धक्के जितके जास्त, तितका तो थकून पोहोचतो.

तो थकून पोहोचला तर काय बिघडले? यासाठी गर्दीची एसटी आठवा. अंगात जोर असलेला प्रवासी दारातून आत सरकतो, रिकामी जागा शोधतो. थकलेला प्रवासी दारातच उभा राहतो आणि त्याच्या आडोशाला आतली जागा मोकळीच राहते. अणूंचेही तसेच. जोर कमी असला तर ते पडले तिथेच थबकतात. मग थर घट्ट न होता बाजरीच्या कणसांसारखा उभ्या खांबांचा बनतो आणि दोन खांबांमध्ये फटी राहतात. वीज वाहताना या फटी आडव्या येतात. शिवाय नंतर हवेतली वाफ त्यांत शिरते आणि आज मोजलेला गुण महिन्याने तसा राहत नाही.

प्रवाशाला आत सरकवण्याचा दुसरा उपाय म्हणजे काच तापवणे. अमेरिकेतल्या जॉन थॉर्नटन यांनी १९७४ साली दाब आणि तापमान या दोन्हींचा एकत्र नकाशा मांडला. कोणत्या दाबाला आणि पदार्थाच्या वितळणबिंदूच्या किती जवळ गेले असता थराची बांधणी कशी होते, हे त्यात दाखवले आहे. तो नकाशा धातूंच्या थरांवरून काढलेला होता, पण ऑक्साइडचे काम करणारेही आज त्याच्याकडे पाहूनच सुरुवात करतात. इंडियम-टिन ऑक्साइडचा थर थंड काचेवर बसवला तर तो बहुधा अस्फटिकी राहतो, म्हणजे त्यातल्या अणूंची मांडणी अस्ताव्यस्त असते. साधारण १५० अंश सेल्सिअसच्या आसपास त्यात स्फटिक बनू लागतात. म्हणूनच प्लॅस्टिकवर चांगला थर बसवणे काचेपेक्षा अवघड जाते. बहुतेक प्लॅस्टिकला एवढी उष्णता सोसत नाही.

आता सर्वांत नाजूक गोष्ट, ऑक्सिजन. शुद्ध आणि पूर्ण इंडियम ऑक्साइड वीज जवळजवळ वाहूनच नेत नाही. वीज वाहते ती त्यातल्या उणिवेमुळे आणि भेसळीमुळे. जिथे ऑक्सिजनचा एक अणू गैरहजर असतो तिथे दोन इलेक्ट्रॉन मोकळे होऊ शकतात. जिथे इंडियमच्या जागी टिन बसते तिथे एक. ऑक्सिजन फार कमी पडला तर थर तपकिरी, काळपट होतो. फार जास्त झाला तर तो छान पारदर्शक होतो, पण वीज अडते. या दोहोंच्या मधली पट्टी अगदी अरुंद असते. ती साधली तर या थराचा रोध तांब्याच्या सुमारे शंभरपट इतका खाली येतो. आरपार दिसणाऱ्या वस्तूसाठी ही मोठीच कमाई आहे.

खर्च वाचावा म्हणून ऑक्साइडच्या टार्गेटऐवजी शुद्ध धातूचे टार्गेट घेतात आणि ऑक्सिजन बाहेरून सोडतात. इथे तर यंत्र अक्षरशः फसवते. उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवर पहिला पाऊस पडतो तेव्हा पाणी वाहत नाही; जमीन सगळे पिऊन टाकते. तसाच सुरुवातीचा ऑक्सिजन ताजा धातू पिऊन टाकतो. नळ थोडा थोडा उघडत राहा, चेंबरमधला दाब फारसा वाढतच नाही. मग एका क्षणी टार्गेटच्या पृष्ठभागावरच ऑक्साइड धरू लागते. ऑक्साइडवरून अणू कमी उडतात. अणू कमी उडाले की ऑक्सिजन पिणारा ताजा धातू कमी होतो. मग शिल्लक ऑक्सिजन वाढतो, आणि टार्गेट आणखी झाकले जाते. हे दुष्टचक्र सुरू झाले की बघता बघता दाब उसळतो आणि थर बसण्याचा वेग कोसळतो. घाबरून नळ पुन्हा आधीच्या खुणेवर आणला, तरी परिस्थिती पूर्वीसारखी होत नाही. चिखल झालेली जमीन पाऊस थांबताच कोरडी होत नाही, तसे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या सोरेन बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली याचे गणित मांडले. त्याचा अर्थ साध्या भाषेत असा की, नळाची खूण एकच असली तरी तिथे कोणत्या बाजूने आलात यावर थर कोणता मिळेल ते ठरते. म्हणून कारखान्यांत केवळ नळाच्या खुणेवर विसंबत नाहीत. चेंबरमधल्या प्रकाशाचा रंग किंवा टार्गेटवरचा व्होल्टेज पाहत क्षणोक्षणी ऑक्सिजन कमीजास्त करतात.

एका पाचव्या गोष्टीला यंत्रावर बटणच नसते. ती म्हणजे पाण्याची वाफ. अरगॉन सोडण्याआधी आम्ही चेंबरमधली हवा पंपाने काढतो, ती हवेच्या दाबाच्या एक अब्जाव्या भागापर्यंत. एवढी ओढल्यावर उरले काय, असे वाटेल. पण एवढ्या दाबातही दर सेकंदाला पृष्ठभागावर इतके रेणू आदळतात, की सगळे चिकटले तर सेकंदात अणूंचा एक पूर्ण थर होईल. आणि आमचा थरसुद्धा सेकंदाला एक-दोन अणूथरांच्याच वेगाने वाढत असतो. उरलेल्या वायूत मोठा वाटा असतो तो भिंतींना चिकटलेल्या पाण्याचा. पावसाळ्यात चेंबर दहा मिनिटे जास्त उघडे राहिले, तर इंडियम-टिन ऑक्साइडमधले स्फटिक बनण्यावर त्याचा परिणाम दिसू शकतो. वहीत मात्र आपण लिहितो ते दाब, तापमान, शक्ती. ‘बाहेर मुसळधार पाऊस’ असे कोणी लिहीत नाही.

टिटॅनियम डायऑक्साइडचे उदाहरणही सांगण्याजोगे आहे. रासायनिक सूत्र एकच, पण स्फटिक दोन प्रकारचे: अॅनाटेज आणि रुटाइल. कमी दाबात जोरदार कण येऊन आदळले तर रुटाइलकडे कल जातो. दाब वाढवून कण सौम्य केले तर अॅनाटेज मिळते. रुटाइल प्रकाशाला जास्त वाकवते, म्हणून भिंगांवरच्या आणि आरशांवरच्या थरांत त्याला मान. प्रकाशाच्या मदतीने घाण विघटित करणाऱ्या काचेला सहसा अॅनाटेज हवे. टार्गेट तेच, वायू तेच. फक्त अणू किती जोराने आले, एवढाच फरक.

आता परत माझ्या विद्यार्थिनीकडे येतो. सहाव्यांदा तसेच घडल्यावर तिने मला न विचारता एक काम केले. काचेचे एक सेंटिमीटरचे ४९ तुकडे केले, सात ओळींत सात असे टेबलावर मांडले आणि सगळ्यांवर एकाच वेळी थर दिला. प्रत्येकाच्या मागे क्रमांक लिहिला होता. मग एकेकाचा रोध मोजून तिने आलेखाच्या कागदावर रंग भरले, कमी रोधाला पिवळा, जास्त रोधाला निळा. कागद माझ्यासमोर ठेवून ती म्हणाली, ‘‘सर, तुम्ही एकदा हे बघाल का?’’

कागदावर निळे कडे उमटले होते. मधला भाग पिवळा, कडा पिवळ्या, मध्ये निळे वर्तुळ. मी काही बोलायच्या आत तिने जुने टार्गेट त्या कागदाशेजारी ठेवले. निळे कडे आणि टार्गेटवरची खाच जवळजवळ एकाच मापाची होती.

म्हणजे काच धुण्यात काहीच चूक नव्हती. चांगला तुकडा आणि वाईट तुकडा यांत फरक होता तो जागेचा. तिचा ४० ओहमचा तुकडा टेबलाच्या कडेला असायचा आणि ४००चा बरोबर खाचेच्या समोर.

याचे कारण असे. ऑक्साइडच्या टार्गेटवरून ऑक्सिजनचे अणू उडतात तेव्हा त्यांतले काही एक जादा इलेक्ट्रॉन घेऊन निघतात. ते ऋण भाराचे असतात. टार्गेटही ऋणच. मग टार्गेट त्यांना जोराने दूर ढकलते. आमच्या टार्गेटवर सुमारे ३०० व्होल्ट होते. इतर अणू ज्या जोराने निघतात त्याच्या पन्नास-शंभर पट जोराने हे ऑक्सिजन सरळ रेषेत समोरच्या काचेवर जाऊन आदळतात. अरगॉनचे चार-सहा धक्के त्यांना फारसे अडवू शकत नाहीत. ते निघतात मुख्यतः खाचेतून, आणि मारा होतो खाचेसमोरच्या थरावर. तिथले स्फटिक मोडतात, बारीक होतात, नको तिथे जादा ऑक्सिजन घुसतो आणि ॲल्युमिनियमने मोकळे केलेले इलेक्ट्रॉन अडकून पडतात. थर दिसायला तोच, पण आतून जखमी.

हा शोध आम्ही लावला असे मुळीच नाही. ही गोष्ट जाणकारांना अनेक वर्षांपासून ठाऊक होती. १९९०च्या सुमारास जपानी संशोधकांनी जास्त ताकदीचे चुंबक लावून टार्गेटवरचा व्होल्टेज उतरवला आणि इंडियम-टिन ऑक्साइडचा रोध कमी करून दाखवला, तो याच कारणाने. मीही ते वाचले होते. पण वाचलेली गोष्ट माझ्या स्वतःच्या यंत्रात, रोज माझ्या डोळ्यांसमोर घडत असेल, असे मला वाटले नाही. विद्यार्थिनीचा हात चुकला असेल, हे मानणे मला अधिक सोपे गेले. मी तिची माफी मागितली. या सगळ्यात तिचे पाच महिने गेले होते.

पण खरी टोचणी पुढे आहे. या आधी आम्ही अशाच थरांवर दोन लेख छापले होते. त्यांत दाब, तापमान, शक्ती, सगळे काटेकोर लिहिले होते. रोधाचा आकडाही दिला होता, अर्थातच सर्वांत चांगल्या तुकड्याचा. तो तुकडा टेबलावर कोणत्या जागी होता, हे मला आजही सांगता येत नाही, कारण ते कोणी लिहून ठेवलेच नव्हते. वाईट तुकडे आम्ही ‘फसले’ म्हणून फेकून देत होतो. दुसऱ्या कोणी आमची कृती वाचून तसाच थर बसवायला घेतला असेल आणि तो जमला नसेल, तर त्यानेही कदाचित आपल्या विद्यार्थ्यालाच बोल लावला असेल.

उपाय आहेत. टेबल फिरते ठेवता येते, पण त्याने मारा टळत नाही. नुकसान सगळ्यांना थोडे थोडे वाटून दिले जाते. काच बाजूला, तिरपी ठेवता येते. मग थर सावकाश बसतो. दाब वाढवून मारा सौम्य करता येतो, पण मग ते एसटीच्या दारातले थकलेले प्रवासी येतात. प्रत्येक उपायाची किंमत असते आणि कोणती मोजायची, हे थर कशासाठी हवा यावर ठरते.

या प्रसंगातून मी एक गोष्ट शिकलो. यंत्रावरचे आकडे म्हणजे परिस्थिती नव्हे. काचेला दाबाचा आकडा ठाऊक नसतो. तिला कळते ते एवढेच, की समोरून काय आले, किती आले, किती जोराने आले आणि सोबत आणखी कोण आले. हीटरचा काटा ३०० अंश दाखवतो तेव्हा काचेचा पृष्ठभाग त्याहून बराच थंड असू शकतो. टार्गेट जुने झाले, खाच खोल गेली, की आकडे तेच ठेवूनही व्होल्टेज बदलतो आणि थरही. एका यंत्रावरची कृती दुसऱ्या यंत्रावर जशीच्या तशी उतरत नाही ती यामुळेच.

त्यानंतर आमच्या प्रयोगशाळेतल्या वहीत चार रकाने वाढले: टार्गेट किती तास वापरले, काच टेबलावर कुठे होती, चेंबर किती वेळ उघडे होते आणि फसलेले तुकडे किती. शेवटचा रकाना भरताना विद्यार्थी अजूनही जरा संकोचतात. मग मी कपाटातला पेढ्यांचा एक जुना खोका काढून दाखवतो. त्यात ते ४९ तुकडे क्रमाने ठेवलेले आहेत, निळे आणि पिवळे दोन्ही. यातले निळे तुकडे तिने फेकून दिले असते, तर ते कडे मला कधीच दिसले नसते.